चाळिसावं नाव

"याले घ्याच असं मी म्हणत नाई, बाई," जिजाबाई म्हणाली. "पन घेतलं तर बरं."

सुलोचनाबाईंनी दौतीत बुडवलेला टाक तसाच हातात धरून ठेवला. सकाळपासून पहिलीच्या जागांसाठी आईबापांनी नुसता उच्छाद मांडला होता. कोणाचा पोरगा वीसपर्यंत पाढे म्हणून दाखवत होता, कोणाची पोरगी डोळे मिटून श्लोक. आपलं लेकरू कसं हुशार आहे ते सांगता सांगता बायांचे घसे सुकले होते. आणि ही बघा!

हिंगणघाटच्या या शाळेत छडी नव्हती. हेडमास्तर अण्णाजींनी ती बंद केली होती आणि तेवढ्यावर शाळेचं नाव पार समुद्रपूरपर्यंत पोचलं होतं. पहिलीत जागा चाळीस. एकोणचाळीस नावं लिहून झाली होती. चाळिसावं कोणाचं, ते अण्णाजींनी सुलोचनाबाईंवर सोडलं होतं. नागपूरहून इथं शिकवायला येऊन बाईंना वर्षही झालं नव्हतं. एवढा मोठा निकाल आपल्या हाती, म्हणून त्या जरा ताठच बसल्या होत्या.

"नाव काय?"

"चिंधू."

"काय काय येतं त्याला?"

"काई येत नाई जी," जिजाबाईनं सांगून टाकलं. "निरा बावळट हाय."

शेजारी तिचा नवरा प्रेमदास टोपी हातात घेऊन उभा होता. नदीकाठी वांग्या-भेंड्यांची वाडी करायचा. बायकोचं ऐकून तो खाली बघायला लागला.

"तुमच्या शाळेत पोरायले मारत नाई म्हणते, बाई," तो हळूच म्हणाला. "म्हनून आलो. बाकीकडं नाई धाडत आम्ही त्याले. इथं झालं तर झालं, नाई तर घरीच राहील."

"मारलं तरी चालते," जिजाबाई म्हणाली. "मार खायच्याच लायकीचा हाय तो."

 हा सूर सुलोचनाबाईंच्या ओळखीचा होता. त्या चार वर्षांच्या असताना आई गेली आणि घरात दुसरी आली. पाहुण्यांसमोर ती असंच बोलायची: काळी आहे, मंद आहे, हिचं काही होणार नाही. ऐकून ऐकून त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

त्यांनी पोराकडं नीट पाहिलं. जिजाबाईच्या अंगावर नवं कोरं लुगडं, प्रेमदासचं धोतर बगळ्यासारखं पांढरं. आणि पोराच्या अंगात? पाच-सहा रंगांचे तुकडे जोडून शिवलेली बंडी. एक बाही लाल, दुसरी कोणाच्या तरी जुन्या चादरीची. गालावर चुलीतलं काळं लागलेलं. डोळे मात्र असे टपोरे, की पाहत राहावं.

पोरगा त्यांच्या टाकाकडं एकटक बघत होता.

"हे निळं पानी प्यायचं हाय का?" त्यानं विचारलं.

सुलोचनाबाईंना हसू फुटलं. "नाही रे राजा, लिहायचं. किती गोड आहे हो तुमचा मुलगा!"

"गोड कायचा!" जिजाबाई घाईघाईनं म्हणाली. "कारलं हाय निरं."

आता मात्र हद्द झाली. सुलोचनाबाई उठल्या, पोराजवळ बसल्या आणि पदराच्या टोकानं त्याचा गाल पुसायला लागल्या.

"राहू द्या जी!" जिजाबाई एकदम पुढं आली. "तसंच राहू द्या!"

"का? लेकरू स्वच्छ दिसलं तर तुमचं काय बिघडतं?"

 पोरानं जिजाबाईचा पदर मुठीत घट्ट धरला होता आणि तिनं तो सोडवला नव्हता. पण सुलोचनाबाईंना ते दिसत कुठलं! त्यांचं डोकं तापलं होतं.

"खरं सांगा, हा तुमच्या पोटचा आहे का?"

जिजाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"नाई जी. पंचफुला म्हनून शेजारीन हाय माही, तिच्यापासून इकत घेतला. सुपभर कोंड्याले."

पोराच्या तोंडावर! सुलोचनाबाईंची सावत्र आई त्यांना म्हणायची, तुला उकिरड्यावरून उचलून आणली. त्या मुकाट्यानं खुर्चीवर जाऊन बसल्या. निकाल झाला होता. पाढे म्हणणारे आणि श्लोक म्हणणारे कुठंही शिकले असते. या पोराला दिवसाचे पाच तास तरी मायेनं हाक मारणारं कोणी हवं होतं.

"घेतलं मी याला," त्या म्हणाल्या.

प्रेमदासनं दोन्ही हात जोडले.  जिजाबाईचे डोळे क्षणभर असे चमकले, की दुसरी कोणी असती तर आनंदानं रडलीच असती. पण तिनं लगेच तोंड फिरवलं.

"पण हे नाव मी लिहिणार नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या. "चिंधू म्हणे! पोरं चिडवून जीव घेतील त्याचा. आजपासून याचं नाव प्रकाश."

"नाई!"

जिजाबाई टेबलाशी आली आणि तिनं हजेरीच्या पानावर आडवा हात धरला. 

"नका जी. पाया पडतो तुमच्या. ते नाव नका लिवू."

"अहो, फुकटचं आहे ते! चांगल्या नावाचीसुद्धा कंजुषी करता पोराला?"

"मंग नाई पाह्यजे शाळा." तिनं पोराचं मनगट पकडलं. "चाल रे. घरी चाल."

पोराचा चेहरा पडला. तो मागं वळून वळून दौतीकडं बघायला लागला. सुलोचनाबाई संतापानं उभ्या राहिल्या.

"तुम्ही आई आहात की वैरीण?"

जिजाबाई दारातच थांबली. तिनं पदर तोंडाशी नेला.

प्रेमदास मात्र टेबलापाशीच उभा होता. त्यानं टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"चिंधूच लिवा, बाई," तो म्हणाला. "याच्या आधी चौघं झाले आमाले, एकबी नाई जगला. त्यायचे नावं लई सुंदर ठेवलते आम्ही."