हवा काढताना

टाकीच्या तळाचा नट सुटला आणि डिझेल बादलीत पडू लागलं. सुरुजबलीनं धारेखाली बोट धरलं आणि नाकाशी नेलं.

"रंगाच्या डब्यासारखा वास येतोय," तो म्हणाला. "मेलंय हे."

"आठ वर्षं झाली," लॉरीखालून अपिसाई बोलला. "माणूस इतका पडून राहिला तर तोही वास मारेल."

सुरुजबली हसला नाही, पण त्याला बरं वाटलं. आठ वर्षांत या अंगणात त्याच्याशी कुणी असं उलटून बोललं नव्हतं.

बावीस हंगाम दोघांनी मिळून याच लॉरीतून लबासाच्या कारखान्यावर ऊस नेला होता. सुरुजबली चालवायचा, अपिसाई शेजारी बसायचा. मग एका हंगामात सेआंगांगाच्या चढावर भरलेली लॉरी बंद पडली ती पडलीच. तीन दिवस ऊस उन्हात वाळला. "ड्रमचं झाकण तू उघडं टाकलंस, पावसाचं पाणी गेलं डिझेलमध्ये," सुरुजबली चार ड्रायव्हरांच्या देखत म्हणाला होता. "बावीस वर्षांत एवढं तरी शिकायचं होतंस." अपिसाई लॉरीतून उतरला आणि चालत घरी गेला.

लॉरी ओढून पत्र्याखाली आणली, तिथेच राहिली. पुढे साखरेच्या आजारानं सुरुजबलीचे डोळे गेले. आता उजेड आणि सावली, एवढंच कळायचं.

आज सकाळी अपिसाई डिझेलचा कॅन, नवा फिल्टर आणि बॅटरी घेऊन दारात उभा राहिला. "आमच्या गावचा ऊस सोमवारी तुटतोय. लॉरी कुठे मिळत नाही. तुझी चालू होते का बघू," म्हणाला. जुन्या गोष्टीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

बादलीत शेवटी काकवीसारखा काळा गाळ आला. ताजं डिझेल ओतून टाकी दोनदा खंगाळली. मग टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी अपिसाईनं वरून ओढून काढली, सुरुजबलीच्या हातात दिली आणि म्हणाला, "फुंकून बघ. तोवर मी फिल्टर बसवतो."

सुरुजबलीनं फुंकलं. हवा जाईना. नळीच्या तोंडाशी काहीतरी चिकटलं होतं. त्यानं चिमटीत धरून ओढलं. बुळबुळीत चिंधी होती. अंगठ्यानं तो तिची कड चाचपत गेला आणि मध्येच थांबला. कडेला दोऱ्याची बारीक फुलं होती. बायकोनं, रामपतीनं भरलेली. उशीचा अभ्रा.

त्या हंगामात टाकीचं झाकण हरवलं होतं. नवं येईपर्यंत त्यानंच अभ्रा फाडून टाकीच्या तोंडाला बोळा कोंबला होता. दोन दिवसांनी बोळा दिसेना, तेव्हा वाऱ्यानं गेला असेल म्हणून त्यानं नवं झाकण लावलं आणि विसरून गेला.

"काय निघालं?" पलीकडून अपिसाईनं विचारलं.

सुरुजबलीनं मूठ मिटली. "काही नाही. पाला."

नळी पुन्हा बसवली. आता नळीत अडकलेली हवा काढायची होती. अपिसाई हातपंप दाबू लागला आणि सुरुजबलीनं पंपावरचा स्क्रू सैल करून त्यावर उजव्या हाताचं बोट ठेवलं. फेसाळ डिझेल बोटाला गुदगुल्या करत बाहेर आलं. डावी मूठ मिटलेलीच होती.

पंपाच्या तालावर अपिसाई गुणगुणायला लागला. चर्चमधलंच काहीतरी. कारखान्याच्या रांगेत तासन् तास उभं राहायचं तेव्हा तो हेच गुणगुणायचा. लॉरीच्या सावलीत सुरुजबली रोट्या सोडायचा, अपिसाई कसाव्याचे उकडलेले कंद, आणि मधे डब्यातल्या मासळीचा एकच डबा. शेवटचा तुकडा अपिसाई नेहमी त्याच्याकडे सरकवायचा. पोट भरलं म्हणायचा. एवढ्या धिप्पाड माणसाचं पोट भरलं, हे तेव्हा आपल्याला खरं कसं वाटायचं, असं सुरुजबलीच्या मनात आलं.

"अजून बुडबुडे आहेत?"

"आहेत थोडे." मग तो म्हणाला, "अपिसाई, पाला नव्हता तो."

त्यानं मूठ उघडून पुढे केली. "अभ्रा आहे. मीच कोंबला होता. पाणीबिणी काही गेलं नव्हतं."

पंप थांबला. सुरुजबलीला समोर नुसती सावली दिसत होती. त्या सावलीचा चेहरा कसा झालाय, ते कळायला मार्ग नव्हता.

"माहीत आहे," अपिसाई म्हणाला.

"कधीपासून?"

"त्या दिवशी घरी चालत जाताना तुझा बोळा आठवला. अर्ध्या वाटेत."

"मग मागे फिरून सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं कुठे होतंस? तू तर सांगत होतास."

पंप पुन्हा सुरू झाला. बोटावरचे बुडबुडे कमी होत गेले आणि डिझेल सरळ, गार वाहू लागलं. सुरुजबलीनं स्क्रू आवळला. पुढे जाऊन इंजेक्टरच्या नळ्यांचे नटही त्यानंच चाचपून सैल केले. अपिसाईनं वर चढून स्टार्टर मारला. नळ्यांतून डिझेल उडालं तसे नट आवळले. पुन्हा स्टार्टर. इंजिन खोकलं, एका पायावर लंगडावं तसं थोडा वेळ धडपडलं आणि मग चारी सिलिंडर लागले.

रामपती चुलीपासून उठून दारात आली. ती काय बोलली ते आवाजात ऐकू आलं नाही.

सुरुजबली सवयीनं उजव्या दाराकडे गेला. हाताला अपिसाईचा गुडघा लागला. तो क्षणभर तिथेच उभा राहिला. मग बॉनेटवर तळवा ठेवून, थरथर हातात घेत, पुढून वळसा घालून डावीकडे आला. या बाजूनं तो कधी चढला नव्हता. दाराची मूठ कुठे आहे ते सापडेना. पत्र्यावरून हात फिरवत राहिला.

आतून वाकून अपिसाईनं दार ढकललं. सुरुजबली चढून बसला.

"जोरात ओढून लाव," अपिसाई म्हणाला. "ते नीट लागत नाही. बावीस वर्षं सांगत होतो तुला."