न उकळलेले कान

प्रयोगशाळेतली मुलगी धापा टाकत दुकानात शिरली आणि तिनं पिशवीतले डुकराचे दोन कान खाटकाच्या पुढ्यात ठेवले. गोरेपान, गुळगुळीत, औषधालासुद्धा केस नाही.

"काय झालं ताई? नासले की काय?"

"काका, तुम्ही हे उकळत्या पाण्यात बुडवलेत?"

"म्हणजे काय! बुडवले, तासले, वर फडक्यानं पुसले. शेवटचा प्रयोग आहे म्हणालात ना काल? म्हटलं, आज जरा नटवूनच पाठवू."

मुलगी मटकन स्टुलावर बसली. रडावं की हसावं तिला कळेना.

"अहो, चाळणी झालीय कातडीची. पाणी आरपार गळतंय. यावर पट्टी चिकटवून बघायचंय मला, औषध हळूहळू आत जातं का ते. गोळी गिळता न येणाऱ्या लहान मुलांसाठी आहे ती पट्टी. त्यासाठी माणसाची कातडी कुठून आणू? म्हणून ही. आणि हे मोजायचं प्रयोगशाळेतलं यंत्र फक्त आज माझ्या वाट्याला आहे. उद्यापासून ते दुसऱ्यांकडे जाणार."

खाटकाचा चेहरा उतरला. मग त्यानं स्वतःच्या दंडाला चिमटा काढून पाहिला.

"माणसाच्या बदली ही? मग माझीच न्या थोडी. बायको म्हणते, गेंड्याची आहे."

"गेंड्याची चालत नाही. माणसाच्या जवळची डुकराचीच."

"हे आमच्या घरी सांगू नका हं."

मुलगी खुदकन हसली. खाटीक आत गेला आणि सकाळीच आलेल्या मालातून एक कान निवडून घेऊन आला. केसाळ, मळका, नेहमी द्यायचा तसा. सवयीनं त्याचा हात उकळत्या पातेल्याकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला.

"गार पाणी चालेल?"

"चालेल. पण खरवडू नका."

त्यानं नळ बारीक सोडला. कान तळहातावर घेतला आणि मागच्या घडीतली माती अंगठ्यानं अलगद काढू लागला, शाळेत निघालेल्या पोराच्या कानामागची काढावी तशी.

दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली. एक मावशी वैतागल्या. "अहो, आमच्याकडे बघाल का? त्या कानाला किती वेळ न्हाऊ घालताय?"

"थांबा मावशी," खाटीक मान वर न करता म्हणाला, "माणसाच्या जागी जायचंय त्याला."