पुढच्या सीटचा पट्टा

टेकडीच्या माथ्यावर गाडी थांबवून ड्वेनने मागे पाहिलं. समुद्र गरीब गायीसारखा पडून होता. वर येणारी एकही गाडी नव्हती. खालचा सुनामीचा इशारा देणारा भोंगा कधीच गप्प झाला होता.

रस्त्याकडेचं गवत कापणाऱ्या कावीका काकांनी यंत्र बंद केलं. बेटावर साठीच्या आतले सगळे त्यांना काकाच म्हणत.

"काय रे, घर बदलतोयस?"

प्रश्न रास्त होता. गाडीत टीव्ही होता, मासे ठेवायची बर्फाची पेटी होती, दोन गळ होते आणि एक तवा होता. तवा कधी उचलला ते ड्वेनलाही आठवेना. ओमाहाहून इकडे येताना सामान बांधायला चार दिवस लागले होते. आज चार मिनिटांत उरकलं होतं.

"काका, लाट येतेय. भोंगा ऐकला नाहीत?"

"ऐकला की. आज पहिली तारीख. दर महिन्याला पावणेबाराला भोंगा वाजवून बघतात. आमच्या कोंबड्या त्यावर घड्याळ लावतात." काका पोट धरून हसले. मग गाडीत डोकावले. "घरचे सगळे आले ना पण?"

"जोलीन कामावर आहे, वरच्या गावात. आणि..."

ड्वेन थांबला. शेजारच्या सीटवर बिस्किट जीभ बाहेर काढून बसला होता. बिस्किट म्हणजे कुत्रा. त्याला सीटचा पट्टासुद्धा लावलेला होता. आणि सासूबाई घरी होत्या.

 काकांनी यंत्र सुरू केलं आणि पाठ फिरवली.

उतरताना ड्वेनच्या कानात त्याचेच शब्द वाजत होते. ओमाहा सोडायला जोलीनची आई, व्हर्नाबाई, तयार नव्हत्या. गुडघे गेलेले, जन्मात समुद्र पाहिलेला नाही. तेव्हा त्यांचा हात हातात घेऊन तो म्हणाला होता, "आई, तुम्हाला मागे टाकून आम्ही कुठे जाऊ का?"

घरात शिरला तर न्हाणीघरात पाणी वाहत होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. आंघोळीला बसल्या असणार. भोंगा नाही, गाडी नाही, काहीच ऐकलं नसणार. थोड्या वेळाने व्हर्नाबाई बाहेर आल्या. केस कोरडे होते. पायांत फिरायला जायचे बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. ड्वेनने दोन्ही पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"कुठे गेला होतास?"

"बिस्किटला फिरवायला."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.

पण बेटावर गोष्ट गाडीपेक्षा वेगाने उतरते. रात्री जेवताना जोलीन म्हणाली, "बाजारात सगळे हसत होते. टीव्ही घेऊन टेकडीवर गेला होतास म्हणे?"

"मीच पाठवलं त्याला," व्हर्नाबाई भात वाढत म्हणाल्या. "टीव्ही दुरुस्तीला द्यायला."

"टेकडीवर?"

"रस्ता चुकला असेल. नवा आहे तो इथे."

ड्वेनने मान वर केली नाही. ताटातल्या माशाचा डोळा तेवढा त्याच्याकडे पाहत होता.

मग महिनाभर त्याने सासूबाईंची अशी सेवा केली की शेजारणी आपापल्या जावयांना टोमणे मारू लागल्या. पपई बिया काढून हातात, गुडघ्यांना तेल, ओसरीला नवा कठडा. फक्त माफीचं एक वाक्य काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. रोज सकाळी ते घशापर्यंत यायचं आणि कॉफीबरोबर खाली जायचं.

पुढची पहिली तारीख आली. साडेअकराला त्याने मनाचा हिय्या केला. आज भोंगा वाजायच्या आत सांगून टाकायचं. खोलीत पाहिलं, ओसरीवर पाहिलं, न्हाणीघराचं दार वाजवलं. व्हर्नाबाई कुठेच नव्हत्या.

त्या गाडीत होत्या. पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स घेऊन, पायांत तेच बूट. बिस्किट मुकाट्याने मागे बसला होता.

"आई, आज नुसता भोंगा वाजवून बघतात. लाट नाही येत."

"माहीत आहे. त्या दिवशी नव्हतं माहीत." त्यांनी पट्ट्याचं टोक त्याच्यापुढे धरलं. "हा तेवढा लावून दे. कुत्र्याला लावत होतास ना, तेव्हा मी बूट घालून खिडकीत उभी होते. छान लावतोस."