घड्याळांच्या कपाटातले दगड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून प्रथा म्हणून एकमेकांना दगड मारतात. आपल्या घरच्या डोक्यांवर बसलेले असे दगड पांढुर्ण्याच्या वासुदेवरावांनी त्यांच्या घड्याळांच्या दुकानात काचेच्या कपाटात मांडले होते. प्रत्येकाखाली चिठ्ठी: साल, डोकं कोणाचं, टाके किती, मारणारा कोण. शेवटचा रकाना सगळीकडे कोरा.

सावरगावचे दौलतराव आपल्या मुलासाठी वासुदेवरावांच्या मुलीला, नलूला, मागणी घालायला आले, आणि कपाटापाशीच थबकले.

"काय पाहून राहिले, दौलतराव?"

"हा पांढऱ्या रेघेचा... आमच्या विहिरीतला आहे. मीच फेकला होता."

वासुदेवरावांनी टोपी काढून कपाळावरची खूण दाखवली. "ब्याऐंशी साल. सात टाके."

दौलतराव दाराकडे वळले. "मंग सोयरीक मोडली समजू काय?"

वासुदेवरावांनी चिठ्ठी काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'व्याही'.

"लगन वैशाखात उरकून टाकू," ते म्हणाले. "अन् पोळ्याच्या आधी तुमच्या घरी आमच्या दगडांसाठी एक फळी ठोकून ठेवा."