खिटीची दोरी

"काकू! अहो काकू!" उज्ज्वलानं पुन्हा दार बडवलं. आतून फक्त कण्हणं ऐकू आलं.

"सुताराला आणतो, दार फोडावंच लागेल," म्हणत समोरचा भाडेकरू धावला. उज्ज्वलानं दाराला कान लावला. वीस वर्षांनी माहेरच्या गल्लीत यावं आणि हे असं?

तिची नजर दारातल्या भोकावर गेली. पूर्वी त्यातून दोरी बाहेर लोंबायची. ती ओढली की आतली खिटी उचलली जायची. पाणी प्यायला, लपायला, आईचा मार चुकवायला गल्लीतलं कुठलंही पोर बिनदिक्कत काकूंकडे घुसायचं. आता गल्लीत पोरंच उरली नव्हती. दोरी तरी कशाला असेल?

तरीही तिनं भोकात बोट घातलं. आत सरकलेल्या दोरीची गाठ लागली. नखानं बाहेर काढली आणि जीव खाऊन ओढली. खिटी खट्कन उचलली गेली.

मोरीपाशी काकू पाय धरून पडल्या होत्या. "उजू ना गं तू?"

त्यांना सावरताना उज्ज्वलाचं लक्ष दाराकडे गेलं. दोरी नवीकोरी, निळ्या नायलॉनची होती. "ही कुणासाठी बांधलीत, काकू?"

काकू कळवळत म्हणाल्या, "तुम्हा पोरांचा काय नेम! कधीही याल."