चौकटीवरच्या रेघा

"रक्त नको," साहेब म्हणाले. "रक्त बघितलं की लोक मान फिरवतात. पडलेलं घर दाखवा."

पक्षाच्या प्रचार कचेरीत फोटो साफसूफ करणाऱ्याला सगळे खोडरबर म्हणत. त्याने पुसलेलं पुन्हा कुणाला सापडत नसे. शेजारच्या देशात युद्ध पेटून तीन आठवडे झाले होते आणि इकडे निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे बिचाऱ्याला मान वर करायला फुरसत नव्हती. तिकडून आलेले चाळीस फोटो साहेबांनी नापास केले. एक्केचाळिसावा त्याने स्वतःच शोधून आणला.

विटांचा ढिगारा, आणि त्यात दाराची एक चौकट तेवढी उभी. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, कुणा लेकराची उंची मोजलेली. रेघांशेजारच्या तारखा त्याने आधीच पुसल्या होत्या.

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "कुठे मिळाला?"

"मिळाला."

"रेघा राहू द्या. बायाबापड्या रडतील. आणि कोपऱ्यात हे पिवळं काय दिसतंय?"

"काढतो."

"चौकट खऱ्या मापाची छापा, फुटपाथपासून वर. माणसाला आत शिरावंसं वाटलं पाहिजे. ओळ टाका : युद्ध त्यांच्या दारात आहे, तुमचं दार आम्ही राखतोय."

त्याने ओळ लिहून घेतली. मग घसा खाकरून म्हणाला, "साहेब, ते खोलीचं पत्र..."

सहा महिने तो बायको आणि मुलीसह मेहुण्याच्या घरी राहत होता. मेहुणा चकार शब्द काढत नसे, पण मेहुण्याची बायको हल्ली भांडी जरा जोरातच आपटायची. सरकारी वसाहतीत एक खोली मिळावी म्हणून साहेब शब्द टाकणार होते.

"पोस्टर लागलं की सही," साहेब म्हणाले.

पिवळं काढायला त्याला दहा मिनिटं लागली. त्याला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सही झाली. रविवारी सकाळी पत्र खिशात घालून तो दोघींना खोली दाखवायला निघाला. बसथांब्यामागच्या भिंतीवर पोस्टर होतं. चारपाच माणसं ते बघत उभी होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आपण नशीबवान, बाबा."

बायकोने पोस्टर पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

मुलगी मात्र धावत पुढे गेली. टाचा जुळवून चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली, तळहात डोक्यावर आडवा धरला आणि वळून सगळ्यात वरची रेघ शोधली.

"बाबा, मी चार बोटं वाढले," ती म्हणाली. "पण आपलं घर पाडलं ते सरकारचं पिवळं मशीन यात का नाहीये?"