पडद्यावरची कळशी

वस्तीतल्या नळावर नायिकेनं भरलेली कळशी उचलली आणि खिदळत नायकाच्या अंगावर उपडी केली. मग दुसरी. नळ मोकळाच वाहत होता आणि दोघं गात होती.

"अगं बये, नळ तरी बंद कर!" सिंधू खुर्चीतूनच ओरडली. थिएटरात हशा पिकला.

सिनेमा सुटल्यावर वहिनी डोळे पुसत होत्या. सिंधू त्यांच्याकडे धुणीभांडी करायची. हौसेनं त्यांनीच तिला सिनेमाला आणलं होतं. "गरिबीत प्रेम किती निर्मळ असतं, नाही गं?"

"त्या पोरीला आमच्या टँकरच्या रांगेत उभी करा, वहिनी. कळशी सांडली तर बायका झिंज्या उपटतील तिच्या."

वहिनी हसल्या. सिंधूचं डोकं आणखीच तापलं.

ती घरी पोचली तेव्हा टँकर येऊन गेला होता. स्लॅबच्या कामावरून आलेला नवरा दाराशी बसल्या बसल्याच झोपला होता. हातापायांवर सिमेंट तसंच वाळलेलं. मोरीत तिच्या अंघोळीसाठी त्यानं राखलेली एकच बादली होती. काठोकाठ भरलेली, वर ताट झाकलेली.

सिंधूनं ताट उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"हे दाखवा की सिनेमात, मुडद्यांनो!"